बापाचा जुना शर्ट

माझ्या अंगावर जी वाकळ असते, तिच्या एका कोपऱ्यात सायीच्या रंगाचा तुकडा आहे आणि त्या तुकड्यावर अंगठ्याएवढा निळा डाग. धुऊन धुऊन वाकळीचे बाकीचे रंग विटले. लाल होतं ते गाजरी झालं, हिरवं होतं ते कसलंच राहिलं नाही. हा निळा मात्र बेरड, जागचा हलला नाही. नेरुळमध्ये चौथ्या मजल्यावर, पंखा पाचवर ठेवून वर वाकळ पांघरणारा माणूस आमच्या सोसायटीत मी एकटाच असेन. वारंही हवं आणि ऊबही हवी, एवढीच माझी चैन. लोक म्हणतात, आता तरी एसी लावा. वाकळीच्या वासाचं मग काय होईल, हे मी त्यांना विचारत नाही. सोसायटीत आधीच माझ्याबद्दल बरंच बोललं जातं.

गेल्या रविवारी दुपारी ह्याच वाकळीवर बसून वरणभात खात होतो. वरणभात म्हणजे कुकर जे करील ते. तेवढ्यात जर्मनीहून मंजूचा फोन आला. मंजू माझी लेक, एकुलती. हल्ली तिचे फोन आठवड्यावर गेलेत आणि त्यातले बरेचसे 'जेवलात का' आणि 'गोळी घेतली का' ह्या दोन स्टेशनांवर थांबून पुढं निघून जातात. त्या दिवशी मात्र सुरुवातच वेगळी.

"पप्पा, हसू नका हं. इराच्या शाळेची यादी आलीय."

इरा म्हणजे नात. येत्या महिन्यात पहिलीत जाणार. मंजूनं यादीचा फोटो पाठवला. मी चष्मा लावून पाहिलं. शब्द असे लांबच लांब, की एकेका शब्दाला वेगळा ट्रेलर लागावा. जासईच्या कंटेनर यार्डात जन्म गेल्यामुळे मला अशाच उपमा सुचतात.

"तुला तरी कळतंय का ह्यातलं?" मी विचारलं.

"अर्धं कळतं. अर्धं मोबाइल सांगतो, तेही येड्यासारखं. वह्यांना नंबर आहेत पप्पा. दुकानात गेले तर बाई विचारते, रेघा कोणत्या? मी म्हटलं, सरळ!"

हसू नका म्हणाली होती, पण पहिली हसली तीच.

"आणि घरात घालायच्या चपला शाळेत न्यायच्यात."

"घरातल्या शाळेत कशाला?"

"तेच तर मी विचारतेय! वर्गात बाहेरचे बूट चालत नाहीत म्हणे. सगळ्या आया फटाफट घेऊन निघाल्या, मी आपली रॅकसमोर उभी. मागून माणसं खोकतायत. आणि शेवटची ओळ काय आहे सांगू? बाबांचा जुना शर्ट. लांब बाह्यांचा. चित्रकलेच्या तासाला उलटा घालायला."

फोनमध्ये नुसता इराच्या कार्टूनचा आवाज.

"प्रशांतकडे बटणाचा शर्ट एकच आहे," मंजू म्हणाली. प्रशांत म्हणजे जावई; जन्मभर टी-शर्टवर राहणारा गुणी मुलगा. "तोही लग्नातला. आपल्या घराला हे काय लागलंय पप्पा? इथं तयार मिळतो तसला झगा, पण… तुमचा एखादा पाठवता? इथली माझी मैत्रीण शर्वरी, तिची आई शनिवारी निघतेय सीवूड्सहून, ती आणेल. आईच्या गाठोड्यात असेल की."

"बघतो," मी म्हटलं.

बघतो म्हणणं सोपं असतं.

ते गाठोडं दिवाणाच्या खाली आहे. सुमनला, माझ्या बायकोला, जाऊन हे तिसरं वर्ष. पुढच्या वाकळीसाठी तिनं जमवलेले कपडे त्यात आहेत, तिच्याच जुन्या लुगड्यात बांधलेले, आणि वर तिच्या हातची गाठ. घरातल्या तिच्या बाकीच्या वस्तू हळूहळू माझ्या हातच्या झाल्या. डबे मी हलवले, कपाट मी लावलं, देव मी पुसतो. ती एक गाठ तेवढी अजून तिची होती. बोहारीण येऊन विचारून गेली, मेहुणी देऊन टाका म्हणाली. मी प्रत्येक वेळी गाठोडं थोडं आणखी आत सरकवलं. सोडलेली गाठ पुन्हा तिची कशी होणार?

म्हणून सोमवारी मी गाठोडं सोडलं नाही. मंगळवारीही नाही. वाकळीवर पडून त्या निळ्या डागाकडं बघत राहिलो.

आम्ही बीडकडचे. इकडं आलो तेव्हा शिरवण्यात पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली होती. गावठाणात शिरलं की आधी वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, मग कुणाच्या तरी अंगणातल्या जाईचा, आणि संध्याकाळी वारं फिरलं की कारखान्यांचा, जिभेवर पैसा ठेवल्यासारखा. सुमननं आठवडाभर नाकाला पदर लावला. नंतर गावी गेली की म्हणायची, इथं कसं गुळमुळीत वाटतंय, वासच नाही कशाला.

घरमालकीण ठमाआई. मासळी विकायची. हातात हिरव्या बांगड्या, आवाज पाच घरं ओलांडून जाणारा. पहिल्या दिवशी तिनं सुमनला विचारलं, "काय खाता गो तुमी?" सुमन म्हणाली, भाकरी. "ती त आमीपन खाताव. भाकरीसंगती काय?" सुमन म्हणाली, ठेचा. ठमाआईला तिची फार दया आली. तेव्हापासून आमच्या घरी वाटीतून कालवण येऊ लागलं आणि वाटीतून ठेचा जाऊ लागला.

मंजूला इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा तिची यादी आली. टाइप केलेला कागद, वर शाळेचा शिक्का. मी बारावी पास, यार्डात इंग्रजीत नोंदी करणारा माणूस. कंटेनरवरचं काहीही वाचून दाखवलं असतं. पण ह्या कागदापुढं बसलो आणि घाम फुटला. शब्द कळत होते, वस्तू कळत नव्हती. शू बॅग. म्हणजे बुटांसाठी पिशवी. माझ्या शाळेत पुस्तकांची पिशवी युरियाच्या पोत्याची होती आणि बूट नव्हतेच. आम्हाला यादी कधी मिळाली नाही. पाटी, पेन्सिल आणि बुडाखाली घ्यायला गोणपाटाचा तुकडा, संपलं. शनिवारी पाटी कोळशानं घासायची, वर पाला चोळायचा, आणि वाळेपर्यंत उन्हात धरून गाणी म्हणायची. पेन्सिलीचा तुकडा चघळला की पहिल्या पावसाअगोदरच्या ढेकळासारखी चव यायची. आणि इथं माझी लेक बुटांना पिशवी घेऊन जाणार होती.

नॅपकिन दोन. आमच्यात नॅपकिन म्हणजे लग्नात टोपीबरोबर आहेर करतात तो. सुमननं ट्रंकेतून दोन काढले, एकावर अजून कुंकवाचा ठिपका होता. क्रेयॉनचा अर्थ शब्दकोशात रंगीत खडू असा निघाला, म्हणून मी फळ्यावरच्या रंगीत खडूंचा डबा आणला. आई-वडिलांचे फोटो. त्यासाठी जुईनगरच्या स्टुडिओत गेलो. फोटोवाला सुमनला म्हणाला, वहिनी, जरा हसा. ती म्हणाली, शाळेत लावायचाय, हसून कसं चालंल? तोच फोटो मोठा करून आता हॉलमध्ये लावलाय. येणारे म्हणतात, किती गंभीर दिसतात वहिनी. ती गंभीर नाहीये. ती मंजूच्या शाळेसाठी नीट बसलीय.

ठमाआई दारात उभी राहून हे सगळं बघायची. "अरं काय वाचतस एवरा? परीक्षा तुजी हाय का पोरीची?"

"माझीच आहे, आई," मी म्हणायचो.

सगळं सोडवत सोडवत आलो आणि शेवटच्या ओळीवर अडलो. वडिलांचा जुना शर्ट.

"आवं, जुना म्हंजी किती जुना?" सुमननं विचारलं.

कारण आमच्या घरात जुना शर्ट नावाची वस्तूच नव्हती. शर्ट आधी बाहेर जायचा, मग यार्डात, मग घरात, आणि बगलेत विरला की सुमन एका दुपारी कात्री घेऊन बसायची. कॉलर वेगळी, बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी. बटणं बाटलीत. तुकडे वाकळीत. शर्ट एक तर माझ्या अंगावर असायचा, नाही तर अंगाखाली. मधलं म्हातारपण त्याला मिळायचंच नाही. तेव्हा माझ्याकडं नेमाचे दोन शर्ट होते आणि दोन्ही ड्युटीवर.

ठमाआई म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याचं हायेत ढीगभर. घेऊन जा एक."

"नको आई," सुमन म्हणाली. "कागदावर बापाचा म्हणलंय. उद्या बाईनं इचारलं कुणाचाय, तर लेकरू काय सांगंल?"

"बाईला काय कलतंय? शर्टाव नाव लिवलेलं हाय का?"

"नसंना का. लेकराला तर ठावं हाय ना."

ठमाआईनं माझ्याकडं पाहिलं. मी पत्र्याकडं पाहिलं.

मग सुमननं ट्रंकेच्या तळातून माझा लग्नातला शर्ट काढला. सायीच्या रंगाचा, अंबाजोगाईच्या टेलरनं शिवलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा. हा तरी जुनाच की, पाच वर्षं झाली, असं तिचं म्हणणं. तांब्यात निखारे घालून तिनं त्याला इस्त्री केली. खिशावर, बाह्यांवर, कॉलरवर. मंजूच्या अंगात उलटा घालून पाहिला, तर तो तिच्या घोट्यापर्यंत. सुमन तिच्या मागं गुडघ्यावर बसली आणि वरून खाली एकेक बटण लावत गेली. मंजूनं दोन्ही हात पसरले. लग्नातला मीच, पण उलटा आणि बुटका, खोलीभर फिरू लागलो.

महिन्याभरानं शाळेत पालकांना बोलावलं, तेव्हा वर्गाबाहेरच्या खुंट्या पाहिल्या. ओळीनं शर्ट टांगलेले, मळके, विटके, कुणाचा खिसा लोंबतोय, कुणाच्या कोपराला भोक. कुणाचे बाप आणि किती निवांत. आणि मध्येच आमचा, इस्त्रीच्या घडीसकट, वरातीला निघाल्यासारखा. मला इतकं ओशाळं वाटलं की मी शेजारच्या खुंटीचंच कौतुक करू लागलो.

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मंजू फार व्यवस्थित आहे हो. पण चित्र बघा, एवढ्या मोठ्या कागदावर सुपारीएवढं काढते. हात आखडूनच बसते."

घरी आल्यावर, धुवायला आणलेला शर्ट खुंटीला अडकवून सुमननं तिला जवळ घेऊन विचारलं. मंजू म्हणाली, "शर्टाला लागंल ना."

सुमन उठली. मंजूच्या रंगांतली निळ्याची बाटली घेतली, झाकण काढलं, त्यात अंगठा बुडवला आणि खुंटीवरच्या शर्टाच्या छातीवर, बरोबर मध्यात, टेकवला. मी म्हटलं, "अगं, अगं!" आमच्या संसारात माझं योगदान बहुतेक ठिकाणी एवढंच आहे.

"हे बघ," ती मंजूला म्हणाली. "झाला जुना. आता किती रंगवायचं ते रंगव."

पुढच्या वेळी मंजूनं आणलेला हत्ती कागदात मावला नव्हता. त्याची शेपूट बाकावर राहिली म्हणाली.

वर्ष संपल्यावर तो शर्ट कापला, वाकळीत गेला आणि डागाचा तुकडा सुमननं मुद्दाम कोपऱ्यावर घेतला. ती वाकळ मंजू जर्मनीला नेणार होती. बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा वाकळ बाहेर निघाली आणि भाजणी आत राहिली. ते बरंच झालं, मी मनात म्हटलं होतं. बाप असं म्हणतात कधी कधी, मनात.

बुधवारी यार्डातून येताना शिरवण्याकडून आलो. काही काम नव्हतं. पत्र्याच्या खोलीच्या जागी आता पाच मजले आहेत, खाली मोबाइलचं दुकान. ठमाआई जिन्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. खूप वाळलीय, आवाज मात्र तोच.

"कोन रं? ठेचावाला?"

"मीच, आई."

"बायको कंदी आनशील भेटवाला?"

ती विसरते आता. तिची सून आतून खुणा करत होती. मी म्हटलं, "आणतो, आई. सध्या गावाला गेलीय." तेवढ्यात वारं फिरलं आणि ती जुनी चव जिभेवर आली. शेजारून सुक्या बोंबलांचा वास येईल म्हणून थोडा उभा राहिलो. नाही आला. मोबाइलच्या दुकानातून नुसता एसीचा गारवा येत होता.

"आन तिला," ठमाआई म्हणाली. "वाटी हाय तिची माझ्याकर."

शुक्रवारी संध्याकाळी मी गाठोडं बाहेर ओढलं.

ती गाठ रानात न्यायच्या भाकरीच्या फडक्याची होती, ओढाल तितकी आवळणारी. नखानं जमेना. चमच्याची दांडी घातली, मग स्क्रूड्रायव्हर. कंटेनरची सीलं फोडण्यात मी यार्डात नावाजलेला माणूस, आणि इथं लुगड्याच्या गाठीपुढं चष्मा घसरत होता. कात्री समोरच होती. तिला हात लावला नाही. शेवटी एक पदर ढिला झाला, मग दुसरा, आणि गाठ निघाली. आधी डांबरगोळ्या, मग वेखंड, आणि त्याच्या खालून तिचा वास. खोबरेल, पिठाचा कोंडा, चुलीपुढचं गरम कापड. मी धावत जाऊन खिडकी लावली. पंखा बंद केला. तरी तो फार थांबला नाही.

मग शर्ट शोधू लागलो. सगळ्यात वर पाठी होत्या, एकावर एक रचलेल्या. त्यांच्याखाली बाह्यांच्या गुंडाळ्या. मग छातीचे तुकडे, डाव्यात डावे, उजव्यात उजवे. बामच्या बाटलीत बटणं. मी तळापर्यंत गेलो. सुमननं सगळं कापून, उसवून, तयार ठेवलं होतं. फक्त सुई घालायची बाकी. एकही शर्ट शाबूत नव्हता.

मला हसू आलं. एकट्या माणसानं मोठ्यानं हसलं की भिंती जरा दचकतात. आमच्या घरात पुन्हा एकदा जुना शर्ट नव्हता.

हसू ओसरल्यावर माझं लक्ष माझ्याच कोपराकडं गेलं. अंगातला चौकटीचा शर्ट. वाशीहून दिवाळीला तिनंच आणलेला. कॉलर विरलेली, कापड सायीएवढं मऊ झालेलं. "ह्याचं आता बास झालं, दिवाळी झाली की काढू," असं ती म्हणायची. ती दिवाळी तिच्याकडून राहिली, म्हणून हा कात्रीतून वाचला आणि माझ्या अंगावर म्हातारा झाला. आमच्या घरातला असा पहिलाच.

काढला. बनियनवर बसून हातानं धुतला, ग्रिलवर वाळत घातला. एक बटण तुटलेलं होतं, तिथं बामच्या बाटलीतलं एक लावलं. रंग जुळला नाही. माझे टाके असे की बटण आत्महत्येचा विचार करील, पण बसलं. शनिवारी सकाळी इस्त्रीही केली. करू नये हे कळत होतं, तरी केली.

मग स्वयंपाकघरात गेलो. हळदीच्या डब्यात चमचाभर पाणी सोडलं, अंगठा बुडवला आणि शर्टाच्या पाठीवर, बरोबर मध्यात, टेकवला. कारण उलटा घातला की पाठ पुढं येते. हे सुमनला त्या दिवशी सुचलं नव्हतं, तिनं छातीवर लावला होता आणि तो डाग वर्षभर मंजूच्या पाठीवर फिरला. मी वाकळीचा कोपरा आणून शेजारी ठेवला. तिचा निळा केवढासा. माझा पिवळा डाग म्हणजे पसरलेलं बेसन. साबण लागला की तो लाल होईल. इराला गंमत वाटेल.

डाग वाळेपर्यंत वेळ होता. मनात आलं, बघू तरी कसा दिसतो. बाह्यांत हात घातले, शर्ट पुढून चढवला आणि हॉलमधल्या आरशापुढं उभा राहिलो. कॉलरचं बटण मानेमागं हात नेऊन लागलं. सगळ्यात खालचं कमरेमागून लागलं. मधली मात्र ना वरून सापडत, ना खालून. वाकून पाहिलं, भिंतीला टेकून पाहिलं. आरशात माझ्या खांद्यावरून सुमनचा फोटो दिसत होता, तसाच गंभीर, शाळेसाठी नीट बसलेला. पाठीवर वारं लागत राहिलं.

दारावरची बेल वाजायच्या आत शर्ट काढला. टेबलावर पसरून सगळी बटणं लावली. शर्टात कुणी नसलं की कसं पटापट लागतात. घडी घातली, पिशवीत ठेवला, शर्वरीच्या आईच्या हाती दिला. ती म्हणाली, "एवढंच? लाडूबिडू काही नाही?" मी म्हटलं, एवढंच.

ती गेल्यावर मंजूला मेसेज लिहायला बसलो. "शर्ट निघाला आहे. गाठोडं सोडलं. डाग पाडला आहे, घाबरू नये म्हणावं." मग लिहिलं, "मधली बटणं तिची तिला लागणार नाहीत. तू मागं बसून लाव. वरून खाली."

तिकडं पहाट असेल, म्हणून उत्तराची वाट न बघता मी दिवाणावर पसरलेले तुकडे पुन्हा लुगड्यात रचले, पाठींवर पाठी, बाह्यांवर बाह्या, आणि गाठ मारली. माझी गाठ. बोट लावलं तर सुटेल अशी.